मुलाचं ऑपरेशन ठरलंय? भूल देण्याआधी घरात काय करायचं, कधी करायचं आणि कुठे चुकतं

ऑपरेशन थिएटरच्या, म्हणजे ओटीच्या, दारात जी मुलं सगळ्यात जास्त आकांत करतात त्यातल्या बऱ्याच जणांना सकाळी "चल, मामाकडे जाऊ" असं सांगून रिक्षात बसवलेलं असतं. मी भूल देणारी डॉक्टर आहे, टॉन्सिल, हर्निया, तिरळेपणा, मोडलेला हात, दातांचं मोठं काम, नाहीतर नुसता एमआरआय, अशा कामांसाठी बरीच वर्षं लहान मुलांना भूल देतेय, आणि दर आठवड्याला त्याच त्या चार-पाच चुका बघते. आईबाबा वाईट नसतात हो, घाबरलेले असतात आणि त्यांना कुणी नीट क्रमाने सांगितलेलं नसतं. म्हणून हे लिहितेय. औषधं आणि डोस इथे सापडणार नाहीत, ते मुलाचं वजन आणि तब्येत बघून तुमचे डॉक्टर ठरवतील. आईबाबांच्या हातात जे आहे तेवढंच, आणि ज्या क्रमाने करायचं त्याच क्रमाने.

१. तारीख ठरली की आधी स्वतःच्या भीतीचं बघा

मुलाला समजवायची घाई करू नका. मूल तुमचे शब्द नंतर ऐकतं, चेहरा आधी वाचतं, आणि आई स्वयंपाकघरात डोळे पुसत असेल तर "काही नाही रे, छोटंसं ऑपरेशन आहे" या वाक्याला काडीचीही किंमत उरत नाही. त्यामुळे पहिले दोन दिवस तुमचे. मनात येतील ते सगळे प्रश्न कागदावर लिहून काढा, अगदी वेडगळ वाटले तरी.

बहुतेकांच्या कागदावर पहिला प्रश्न असतो तो "उठेल ना?" भूल देऊन डॉक्टर निघून जातात असं अजून पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. भूल सुरू केल्यापासून मूल जागं होईपर्यंत भूल देणारी व्यक्ती तिथेच मुलाच्या डोक्याशी असते आणि हृदयाचे ठोके, रक्तातला ऑक्सिजन, रक्तदाब, श्वासातून बाहेर येणारा कार्बन डायऑक्साइड, अंगाचं तापमान हे सगळं सारखं बघत असते, त्याप्रमाणे औषध कमीजास्त करते. धोका शून्य असतो असं मी कुणालाच सांगत नाही, पण एरवी धडधाकट असलेल्या मुलात, ठरवून केलेल्या छोट्या ऑपरेशनमध्ये तो फार कमी असतो. तुमच्या मुलाच्या बाबतीत किती, ते स्पष्ट विचारा, तो तुमचा हक्कच आहे.

दुसरा प्रश्न मेंदूचा, भुलीने मुलाच्या बुद्धीवर परिणाम होतो का. व्हॉट्सॲपवर कुणीतरी काहीतरी पाठवतं आणि आईची झोप उडते. तर ऐका. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१६ साली इशारा दिला होता तो तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांपेक्षा जास्त वेळ किंवा पुन्हापुन्हा भूल द्यावी लागली तर, त्याबद्दल. छोट्या, एकदाच होणाऱ्या ऑपरेशनसाठी सात देशांतल्या २८ हॉस्पिटलांमध्ये ७२२ तान्ह्या बाळांचा अभ्यास झालाय, हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये काहींना पूर्ण भूल, काहींना फक्त कमरेखालचा भाग बधिर केलेला. पूर्ण भूल सरासरी तासाभराच्या आतली होती. ती बाळं पाच वर्षांची झाल्यावर बुद्ध्यंक तपासला, दोन्ही गटांत फरक निघाला नाही. निकाल २०१९ साली आला. मोठं किंवा वारंवार करावं लागणारं ऑपरेशन असेल तर "थांबता येईल का, थांबलो तर नुकसान काय" हे सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांना विचारा.

आता एक अवघड निर्णय. त्या दिवशी मुलाबरोबर कोण? आपल्याकडे हे गृहीतच असतं की आई. पण आई खूप घाबरत असेल तर बाबा, मावशी, आत्या, जो सगळ्यात शांत राहू शकतो आणि मुलाला ज्याची सवय आहे तो. यात आईचं प्रेम कमी पडलं असं काही नाही, ती बाहेर थांबून जागं होताना जवळ असू शकते.

थांबा, तपासा: "त्या दिवशी काय काय होणार" हे तुम्ही न रडता, दोन मिनिटांत दुसऱ्या मोठ्या माणसाला सांगू शकता का? नसेल जमत तर मुलाशी बोलायची वेळ अजून आलेली नाही.

२. फिटनेसची भेट: फाइल घेऊन आजोबांना पाठवू नका

भूल देण्याआधीच्या तपासणीला कुणी पीएसी म्हणतं, कुणी फिटनेस. ही सही-शिक्क्याची भेट नाही. मुलाला घेऊन जा आणि ज्याला मुलाचं सगळं माहीत आहे त्याने जा.

आपणहून सांगायच्या गोष्टी: आता सर्दी-खोकला आहे का, गेल्या चार आठवड्यांत होता का. दमा, पंप, फिट्स. रात्री मोठ्याने घोरतं का, घोरता घोरता श्वास अडकल्यासारखा होतो का. बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलं होतं का. कशाची ॲलर्जी. हलणारा दात, हा सहा-सात वर्षांच्या मुलांत हमखास असतो आणि हमखास सांगायचा राहतो. नुकतीच लस दिली असेल तर तारीख. चालू असलेली सगळी औषधं, काढे आणि होमिओपॅथीच्या गोळ्यांसकट. आणि रक्ताच्या नात्यात कुणाला भूल देताना काही विपरीत झालं होतं का, खूप ताप चढला, श्वास परत यायला फार वेळ लागला, असं काही. आजी-आजोबांना फोन करून विचारा, हे त्यांनाच माहीत असतं.

फिटची किंवा दम्याची औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका. त्या दिवशी सकाळी कुठलं औषध घोटभर पाण्याबरोबर द्यायचं ते इथेच विचारून लिहून घ्या.

⚠ सर्दी लपवू नका. लोक लपवतात हे मला माहीत आहे, कारण रजा टाकलेली असते, पैसे भरलेले असतात, गावाहून माणसं आलेली असतात. पण सर्दी-खोकल्यानंतर काही आठवडे मुलाची श्वासनलिका चिडलेली असते, भूल देताना स्वरयंत्राचं दार एकदम आवळून बसू शकतं आणि हवा आत जाईनाशी होते. साधं वाहतं नाक असेल तर कदाचित करूही, पण ताप, छातीत घरघर, हिरवट शेंबूड असेल तर ठरवून करायचं ऑपरेशन दोन ते चार आठवडे पुढे नेणं बरं. ते आम्हाला ठरवू द्या. आदल्या दिवशी नाक गळायला लागलं तर सकाळपर्यंत थांबू नका, लगेच फोन करा.

आणि उठायच्या आधी हे विचाराच: भूल मास्कने देणार की सलाईनमधून? झोप लागेपर्यंत आमच्यापैकी एकाला आत येता येईल का? सुई टोचायच्या आधी त्वचा बधिर करायचं क्रीम लावता येईल का? मूल फार घाबरट असेल तर आधी गुंगीचं औषध द्याल का? त्याचं खेळणं आत चालेल का? प्रत्येक हॉस्पिटलचे नियम वेगळे असतात, आणि मुलाला तुम्ही पुढे जे सांगणार आहात ते या उत्तरांवरच उभं आहे. दारात आल्यावर "आई आत येणार म्हणाली होती" असं होता कामा नये.

३. मुलाला सांगणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात म्हणून जरा सविस्तर.

आधी माझीच गोष्ट सांगते. माझा मुलगा तीन वर्षांचा असताना त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. मी रोज लोकांना सांगणारी, पण त्याला काहीच सांगितलं नाही, वाटलं मी तिथेच आहे, निभावून नेईन. तो माझ्या सहकारी डॉक्टरांच्या हातात किंचाळत गेला. ऑपरेशन उत्तम झालं, पण पुढे जवळजवळ महिनाभर रोज रात्री दिवा घालवला की तो विचारायचा, "आता मी झोपलो की मला नेणार का?" त्याच्या दृष्टीने बरोबरच होतं ते. त्याला मध्येच कुठेतरी नेलं होतं, झोपवलं होतं आणि उठल्यावर दुखत होतं. तेव्हापासून मी या टप्प्यावर सगळ्यांशी जास्त वेळ बोलते.

कधी सांगायचं ते वयावर आहे:

सहा महिन्यांखालच्या बाळाला सांगण्यासारखं काही नसतं, त्याला उब, ओळखीचा वास आणि शांत हात हवेत.

सात-आठ महिने ते तीन वर्षं, हे आईपासून लांब जायला सगळ्यात जास्त घाबरायचं वय. आदल्या दिवशी दोन वाक्यं पुरेत. त्यापेक्षा त्याची गोधडी, दुपटं, चोखायचा ससा जो काय असेल तो बरोबर ठेवा, आणि धुऊ नका, त्याला तो वास हवा असतो.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एक-दोन दिवस आधी. आठवडाभर आधी सांगितलं तर ते रोज त्याच्याच गोष्टी मनात रचत बसतात आणि त्या खऱ्यापेक्षा भयंकर असतात. या वयात अजून एक असतं, आपण काहीतरी वाईट केलं म्हणून ही शिक्षा आहे असं त्यांना वाटतं. "तू काही चुकला नाहीस, तुझ्या घशातल्या गाठी वाढल्यात म्हणून तुला रात्री श्वास घ्यायला त्रास होतो, त्या काढायच्या" हे स्पष्ट शब्दांत सांगा.

सात-आठ वर्षांच्या पुढे मात्र पाच ते सात दिवस आधी. या मुलांना विचार करायला, प्रश्न विचारायला वेळ लागतो, यांना आदल्या रात्री सांगणं म्हणजे फसवणं.

बारा-तेराच्या पुढच्या मुलांना तारीख ठरेल त्याच दिवशी, शक्यतो ठरवतानाच सोबत घेऊन. यांची भीती वेगळी असते, कपडे काढणार का, कोण बघणार, भूलीत मी काही बोलून जाईन का. डॉक्टरांशी त्यांना पाच मिनिटं एकट्याने बोलू द्या.

आता शब्द. "बेशुद्ध करणार", "कापणार", "गॅस देणार" हे टाळा, लहान मुलाला गॅस म्हणजे घरातला सिलेंडर. नुसतं "झोपवणार" हेही अर्धवट आहे, विशेषतः घरात कुणी गेलं असेल आणि तेव्हा मुलाला "आजोबा झोपलेत" असं सांगितलं असेल तर. रात्रीची झोप आणि औषधाची झोप यातला फरक सांगायचाच. मी साधारण असं सांगते:

"डॉक्टर तुला एक खास औषध देणार, त्याने खूप गाढ झोप लागते. रात्री आपण झोपतो तेव्हा कुणी हलवलं की उठतो ना, ह्या झोपेत तसं नसतं, काही दुखत नाही, काही ऐकू येत नाही आणि मध्येच जाग येत नाही. काम झालं की डॉक्टर औषध बंद करतात आणि तू उठतोस. उठशील तेव्हा मी जवळ असेन."

शेवटचं वाक्य हॉस्पिटलला विचारूनच म्हणा. रिकव्हरीत, म्हणजे जाग येईपर्यंत मुलाला ठेवतात त्या खोलीत, तुम्हाला लगेच सोडत नसतील तर "उठलास की थोड्या वेळात मी येईन" असं म्हणा.

"अजिबात दुखणार नाही" हे वचन देऊ नका. सुई टोचणार असेल तर "टोचेल, मुंगी चावल्यासारखं किंवा त्याहून थोडं जास्त, तू माझा हात दाब आणि मोठ्याने दहापर्यंत मोज" हे खरं आहे आणि यात त्याला करायला काम आहे. एकदा खोटं पकडलं गेलं की मग मास्कबद्दल सांगितलेलं खरंही त्याला पटत नाही.

⚠ घरातल्या सगळ्यांना बजावा: "जेव, नाहीतर डॉक्टरकाका सुई टोचतील" हे आजपासून बंद. काका-काकू, शेजारच्या आजी, सगळ्यांना. वर्षभर ज्याच्या नावाने धाक दाखवला त्याच्याच हातात मूल द्यायचंय.

तपासा: मुलालाच विचारा, "मग त्या दिवशी काय होणार आहे, सांग बघू मला?" त्याच्या उत्तरात काय चुकीचं शिरलंय ते लगेच कळतं. एका पाच वर्षांच्या मुलाने मला सांगितलं होतं की माझा घसा बाहेर काढून धुणार आहेत.

४. खेळून सराव

तीन वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी बोलण्यापेक्षा हे जास्त कामाचं, आणि लागतात दिवसाला दहा मिनिटं.

भूल मास्कने देणार असतील तर फिटनेसच्या भेटीत एखादा जुना मास्क मागून बघा, पुष्कळ ठिकाणी देतात. नाही मिळाला तर घरातल्या नेब्युलायझरचा चालेल, नळी काढून. आधी टेडीला लावायचा, मग आईला, मग बाबांना, आणि डॉक्टर मूलच. त्याची इच्छा झाली तर शेवटी स्वतःला. जबरदस्तीने लावायचा नाही, तो हातात धरून परत ठेवला तरी पुष्कळ झालं. मास्क लावून लांब श्वास घ्यायचा आणि फुगा फुगवल्यासारखा सोडायचा, कोण जास्त वेळ फुगवतं त्याची शर्यत. मोठ्या मुलांना हाच श्वास थेट शिकवा, चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, रोज रात्री.

खरं औषध हवेतून येतं तेव्हा त्याला वास असतो, हेही आधी सांगून ठेवा, "स्केचपेनसारखा वास येईल". काही ठिकाणी मास्कला आतून स्ट्रॉबेरी किंवा व्हॅनिलाचा वास लावतात, विचारून ठेवलंत तर तो वास मुलालाच निवडू द्या.

⚠ सरावात प्लास्टिकची पिशवी, ओढणी, उशी असलं काहीही तोंडावर धरू नका, भावंडांनाही धरू देऊ नका. आणि मास्क घरात एकट्या मुलाच्या हाती ठेवून जाऊ नका.

पूर्वी नेब्युलायझर देताना तुमच्या मुलाला दोघातिघांनी धरून ठेवलं असेल तर मास्क म्हणजे काय हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. हे भूलतज्ज्ञांना नक्की सांगा, मग सलाईनमधून देण्याचा किंवा आधी गुंगीचं औषध देण्याचा विचार करता येतो.

त्याच्या आवडीचं कार्टून मोबाइलमध्ये डाउनलोड करून ठेवा. ओटीच्या बाजूला नेटवर्क नसतं आणि ऐन वेळी गोल गोल फिरणारं चाक बघून मूल जास्तच बिथरतं.

५. उपाशी ठेवणं, घड्याळ लावून

भूलीत पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं म्हणून पोट रिकामं लागतं. एवढं कळलं की मग नियम कटकट वाटत नाहीत. सर्वसाधारण वेळा अशा:

जेवण, बिस्किट, वरचं दूध, पावडरचं दूध: ६ तास आधी बंद
तळलेलं, मटण-चिकन, जड जेवण: ८ तास
अंगावरचं दूध: ४ तास
पाणी, साखरपाणी, गाळलेला सफरचंदाचा रस: २ तास, काही ठिकाणी आता १ तासापर्यंतही देतात

तुमच्या हॉस्पिटलने दिलेली वेळ शेवटची. पण "रात्रीपासून काही देऊ नका" एवढंच सांगितलं असेल तर परत फोन करून विचारा, "पाणी किती वाजेपर्यंत?" घड्याळातली वेळ घ्या. समजा ऑपरेशन सकाळी ९ ला आहे, तर रात्री आठ-साडेआठला वरणभात, पोळीभाजी असं साधं जेवण, झोपताना दूध, अंगावर पिणाऱ्या बाळाला पहाटे ५ पर्यंत, आणि सकाळी साडेसहाला उठवून साखरपाणी, ७ ला सगळं बंद.

साडेसहाला उठवायचा लोक कंटाळा करतात, "झोपलंय तर झोपू दे" म्हणतात. नका करू असं. बारा-तेरा तास पाण्याशिवाय राहिलेलं मूल किरकिरं होतं, अंगातलं पाणी कमी झाल्याने शीर सापडत नाही आणि मग एकाच्या जागी तीनदा टोचावं लागतं. अर्धी रडारड ही भीतीची नसून भुकेची असते.

दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे चोरून खाऊ घालणं. "पातळच आहे की" म्हणून दिलेलं दूध, ताक, भाताची पेज, डाळीचं पाणी, सूप, दुधाचा चहा यातलं काहीही चालत नाही. काचेच्या पेल्यात ओतून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येतंय का बघा, येत असेल तरच ते पाणी म्हणून धरायचं. आणि प्रसाद. निघताना आजी देवापुढचा पेढा तोंडात घालते, इतक्या मायेने की कुणाला आडवं यायचं सुचत नाही. आदल्या दिवशीच आजीशी बोला, अंगारा लावा, दृष्ट काढा, पेढा मात्र डब्यात घालून बरोबर घ्या, शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी खायला परवानगी दिली की तोच पहिला द्या.

⚠ चुकून खाल्लंच तर सांगा. कुणी रागावणार नाही, वेळ पुढे ढकलू. न सांगणं जिवावर बेतू शकतं.

तपासा: मुलाच्या खिशात, दप्तरात, गाडीच्या सीटखाली बिस्किटं आहेत का? तोंडात च्युइंगगम? भावंडाचा डबा समोर उघडणार नाही ना? तुम्ही मात्र खाऊन घ्या, मुलाच्या नजरेआड. मूल उपाशी म्हणून आईनेही काही खाल्लं नाही आणि ओटीच्या दारात तिलाच चक्कर आली, हे मी अनेकदा बघितलंय.

६. त्या दिवशी सकाळी

आंघोळ घालून निघा. काजळ, नेलपॉलिश, तेल नको, मेंदी ताजी असेल तर सांगा कारण ऑक्सिजन मोजायचा चिमटा बोटालाच लावतात. चेन, पैंजण, कानातलं, धातूच्या क्लिपा घरीच काढा, तिथे काढायला गेलं की मुलाला वाटतं सुरुवात झाली. गळ्यातला काळा दोरा किंवा ताईत काढायला मन होत नसेल तर आधीच विचारा, मनगटाशी किंवा पलंगाला बांधायला बहुतेक जण हो म्हणतात, नाहीतर आईच्या हातात. पुढून उघडणारा सैल शर्ट घाला.

दोनच मोठी माणसं पुरेत. आठ नातेवाईक जमले की प्रत्येक जण मुलाच्या गालावरून हात फिरवून "घाबरू नको हं" म्हणतो आणि आठव्या वेळी ते मूल घाबरतं. "घाबरला नाहीस ना?" हा प्रश्न विचारूच नका. त्याऐवजी "फुगा कसा फुगवायचा रे, दाखव?"

बधिर करायचं क्रीम साधारण तासभर आधी लावावं लागतं, म्हणून पोचल्या पोचल्या सिस्टरना आठवण करा. गुंगीचं औषध दिलं तर वीस-तीस मिनिटांत मूल झिंगल्यासारखं होतं, उगाच हसतं, तोल जातो. ते दिल्यावर त्याला चालू देऊ नका, मांडीवर किंवा कठडा लावलेल्या पलंगावरच ठेवा.

यादी पुढेमागे होते, मध्ये एखादी इमर्जन्सी आली की तास-दोन तास जातात. अशा वेळी गप्प बसू नका, "उशीर होणार असेल तर पाणी देऊ का?" हे जाऊन विचारा.

७. दारापासून मास्कपर्यंत

आत जायला मिळालं तर तुमचं काम एकच, मुलाच्या कानाशी हळू आवाजात बोलणं, तेही एकाच माणसाने. डॉक्टर, सिस्टर आणि आई तिघं एकदम बोलायला लागले की मुलाला काहीच कळत नाही. जे घरी ठरवलंय तेच करा, फुगा, मोजणं, कार्टून, त्याचं आवडतं गाणं.

मास्क लावल्यावर साधारण मिनिटभरात जे दिसतं ते आधी माहीत असू द्या, नाहीतर पालकच हादरतात. डोळे वर फिरतात, हातपाय झटकले जातात, घोरल्यासारखा आवाज येतो, श्वास वेडावाकडा होतो आणि मग अंग एकदम सैल पडतं. हे सगळं भूल चढतानाचं नेहमीचं आहे, मूल त्रासात नसतं, आणि पुढे बहुतेकांना ते आठवतही नाही. "आता बाहेर जा" म्हटलं की लगेच निघा, कपाळाची पापी घ्या आणि चला. त्या क्षणापासून आमचं पूर्ण लक्ष मुलाकडे लागतं. रडायचं असेल तर दाराबाहेर पोटभर रडा.

आत सोडत नसतील तर अपराधी वाटून घेऊ नका. बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा २०१५ साली घेतला गेला, त्यात पालक नुसते आत असल्याने मुलाची भीती कमी होते असं काही दिसलं नाही, उलट व्हिडिओ, विदूषक-डॉक्टर, शांत मंद उजेडाची खोली यांचा उपयोग होण्याची शक्यता जास्त दिसली. दारात निरोप छोटा ठेवा. "मी इथेच या बाकावर बसलेय, तुझी चप्पल माझ्याकडे आहे" असं काहीतरी ठोस सांगा. मूल तिकडे बघतंय तोवर हळूच सटकायचं, हे कधीच करू नका.

८. जाग येताना आणि घरी गेल्यावर

दोन ते पाच-सहा वर्षांची काही मुलं जाग येताना भयंकर आरडाओरडा करतात, आईला ओळखत नाहीत, लाथा मारतात, सलाईन उपटायला बघतात. डोळे उघडे असतात पण मूल अजून पूर्ण जागं नसतं. बहुतेकदा दहा ते तीस मिनिटांत आपोआप शांत होतं. दुखत नाहीये ना, ते सिस्टरना बघायला सांगा, पडू नये म्हणून धरा, उजेड आणि माणसं कमी करा. ओरडू नका, समजावत बसू नका, त्या वेळी ते पोचत नाही.

पाणी सिस्टर सांगतील तेव्हाच, आधी घोट घोट. घरी नेताना स्कूटरवर नाही, गाडीत किंवा रिक्षात, आणि मुलाशेजारी दुसरं मोठं माणूस हवंच, पेंगणाऱ्या मुलाची मान पुढे पडून श्वास कोंडू नये म्हणून.

पुढचे एक-दोन आठवडे अंथरूण ओलं होणं, रात्री दचकून उठणं, आईला चिकटून राहणं, चिडचिड हे होऊ शकतं. रागावू नका, बहुतेक मुलं हळूहळू पूर्ववत होतात. श्वासाला त्रास, न थांबणारी उलटी, जागं करूनही जागं न होणं, खूप ताप, रक्त येणं, यातलं काही दिसलं तर वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा. टॉन्सिल काढल्यावर रक्तस्राव पाचव्या ते दहाव्या दिवशीही होऊ शकतो, त्यामुळे "आता आठवडा झाला" म्हणून त्या दिवसांत लांब गावी जाऊ नका.

आणि चार-पाच दिवसांनी, मूल खेळायला लागलं की सहज विचारा, "त्या दिवशी सगळ्यात वाईट काय वाटलं?" जे सांगेल ते फाइलमध्ये लिहून ठेवा, पुढे कधी परत भूल द्यायची वेळ आली तर पहिल्या भेटीत ते दाखवा. दोन ऑपरेशनं लागणार होती अशा एका सहा वर्षांच्या मुलीने पहिल्यानंतर आईला सांगितलं की सुई नाही, मास्क नाही, तिची चप्पल काढून घेतली आणि फरशी गार होती ते सगळ्यात वाईट. आईने ते लिहून आणलं. दुसऱ्या वेळी ती जाड लोकरी मोजे घालून आली, आम्ही ते तिच्या पायात तसेच राहू दिले, आणि ती माझा हात धरून स्वतः चालत आत आली.